हौसाकाकीनं मागितलेला कौल

किंजळकोंडात कोणाकडे अचानक पाहुणे आले आणि घरची बाई नेमकी माहेरी गेलेली असली, की हाक जायची ती हौसा गोताडला. तिच्या हातच्या कुळथाच्या पिठीचं नाव पार देवरूखच्या बाजारापर्यंत. एकदा मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी पिठी भुरकून भुरकून जागेवरच सुपारी फोडली, आणि लग्नानंतर त्यांना कळलं की पिठी मुलीनं नव्हे, हौसानं केली होती. ते लोक अजून ती दिसली की म्हणतात, "काकी, फसवलंत आम्हांला!" हौसा म्हणते, "पोरगी चांगली मिळाली ना? मग गप जेवा."

बाई उंचीला बेताची, चालायला भरभर, आणि हसायची ती डोळे मिटून. हसायची म्हणायचं, कारण आता ते हसणं राहिलं नाही.

नवरा मुंबईला गोदामात कामाला होता, तो पोरं लहान असतानाच गेला. सागर आणि निलेश हे दोन मुलगे तिनं भातशेतीच्या तुकड्यावर आणि लोकांच्या पंगती रांधून वाढवले. सागर थोरला. शिमग्यात पालखीपुढे ढोल त्याचाच. मुंबईला जायचं नाही असं त्यानं आधीच सांगून टाकलं आणि सड्यावरच्या चिरेखाणीत मशीन चालवायला लागला.

सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं जांभ्याचं सपाट रान. मशीनच्या पात्यानं तिथला दगड कापून चौकोनी चिरे काढतात, आणि मागे राहतो तो अख्खं घर मावेल एवढा खड्डा. पावसात तो भरतो. दसऱ्यानंतर खाण पुन्हा सुरू होते, तरी जुन्या खड्ड्यांतलं पाणी तसंच, आणि कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या त्या पाण्याला लागून. डासांना आणखी काय हवं! आरोग्यवाल्यांनी एकदा त्या पाण्यात गप्पी मासे सोडले होते, ते डासांची पिल्लं खातात म्हणून. नारळ वगैरे फुटला. पुढे दगड काढायला खड्डा मोकळा हवा म्हणून खाणवाल्यानं पंप लावला, आणि पाण्याबरोबर सगळे मासे उपसून कातळावर. बगळ्यांची दिवाळी झाली. त्या गोष्टीवर गाव वर्षभर हसलं.

मग सागरला ताप आला. थंडी वाजून आला, दुकानातल्या गोळ्यांनी उतरला, आणि सागर परत मशीनवर गेला. पुन्हा आला, पुन्हा उतरला. तिसऱ्या खेपेला त्यानं दीपालीला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, विचारलं, "तुम्ही कोण?" जीप करून रत्नागिरीला नेईपर्यंत मलेरिया मेंदूत चढला होता. मलेरिया हा शब्द हौसानं शाळेच्या भिंतीवर किती वर्षं बघितला होता. वर डासाचं चित्र, खाली सूचना. एवढ्याशा चित्रातला डास ढोल वाजवणारा मुलगा नेईल, हे तिला कधी खरं वाटलं नव्हतं.

पुढच्या हंगामात निलेश त्याच मशीनवर जाऊन बसला. हौसा दारात आडवी झाली. "गुहागरला बागेत सुपाऱ्या काढ, नायतर गुरं राख, पण तिथं जाऊ नको रे."

"आये, मला दुसरं काय येतंय? मच्छरदाणी घेतो ना."

मच्छरदाणी त्यानं नेली. पण पत्र्याखाली इतकं तापतं की ती लावून झोपणारा माणूस अजून जन्मायचा आहे. पहिल्याच आठवड्यात तिच्यात कोणीतरी सुके बोंबील बांधून ठेवले. तेव्हापासून हौसाच्या जीवाला एकच घोर लागला. एक गेला. हा राहायला हवा.

अशात गावात शास्त्रज्ञ आले.

मुंबईकरांचं एक बंद घर त्यांना राहायला दिलं आणि रांधायला हौसाला. तिघं होती. सगळ्यांत वयस्क ठोंबरे सर वऱ्हाडातले, केस पांढरे, भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा मागणारे. दुसरा समर्थ, तरुण, परदेशातून शिकून आलेला, बसल्या जागी पाय हलवणारा. आणि तिसरी मृणाली आरेकर, गुहागरची, तिच्या घरच्या जुन्या माणसांनी होड्या हाकलेल्या. तिनं पहिल्याच दिवशी आमटी चाखून विचारलं, "काकी, तिरफळं कुठली? हेदवीची काय?" हौसाला ती तेव्हाच आपली वाटली.

त्यांचं काम काय, ते हौसाला जेवण वाढता वाढता समजलं. प्रयोगशाळेत त्यांनी डासांच्या बीजातच असा बदल केला होता की त्या डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू वाढूच शकत नाही. असे नर डास सोडायचे. ते गावातल्या माद्यांशी जुगले की पिल्लंही तशीच, आणि पिल्लांची पिल्लंही तशीच. डास राहतील, ताप राहणार नाही. पण अजून कुठे काही सोडलं नव्हतं. गावाला विचारायचं, आणि गाव हो म्हणालं तर पुढचं, एवढ्याचसाठी ते आले होते.

"बाळा, ते चावतात काय?" हौसानं समर्थला विचारलं.

"आपण सोडणार ते नर. नर चावत नाही, काकी."

त्या दिवशी हौसानं त्याला दोन घावन जास्त वाढले.

पण तिघांचं आपसांत जमत नव्हतं. भांडण नव्हे, पण जेवताना वाद ठरलेला. समर्थ म्हणायचा, "औषध हातात आहे आणि माणसं मरतायत. आपण अजून विचारतोच आहोत."

ठोंबरे सर ठेच्यात भाकरी बुडवत म्हणायचे, "बेटा, मी फवारणीच्या काळातला माणूस. तेव्हाही आम्ही असंच म्हणत होतो. घराघरात पांढरे पट्टे मारले. डास त्या औषधाला सरावले अन् आम्ही निवृत्त झालो."

"म्हणून काहीच करायचं नाही?"

"करायचं. पण छाती ठोकून नाही."

मृणाली शेवटी बोलायची. "फवारणी बंद करता येते. हा डास एकदा सुटला की परत बोलावता येत नाही. दहा वर्षांनी काय होईल ते आपल्यालाच नक्की माहीत नाही. तेही लोकांना सांगायचं."

"तेही सांगितलं तर हो कोण म्हणेल, मॅडम?"

"मग नाही म्हणतील."

एकदा समर्थ बाहेर गेल्यावर हौसानं तिला धरलं. "खरं सांग बाय. तुझ्या गुहागरात सोडले असतेस काय हे डास?"

मृणालीनं हातातला घास ताटात ठेवला. "वाटतं की हो. पण 'वाटतं' एवढंच म्हणता येतं, काकी."

हौसाला ते "वाटतं" ऐकू आलं नाही. तिला "हो" ऐकू आलं. आणि दुसऱ्या दिवसापासून ती विहिरीवर, दळणाच्या रांगेत, कोणाच्या ओटीवर बसून सांगत सुटली. औषधी डास आहेत. चावत नाहीत. एका पावसात आपले आपण मरतात, जाताना ताप घेऊन जातात. यातलं शेवटचं तिला कोणीही सांगितलं नव्हतं. सांगता सांगता जीभ तिकडे वळली, आणि ऐकणाऱ्या बायांचे चेहरे सैल झालेले बघून ती तिथेच राहिली.

पुरुषमंडळींचं मात्र जमेना. पालखी टेकते त्या देवळाच्या सहाणेवर बैठक बसली तेव्हा सखाराम मांडवकर, ज्याच्या भुईमुगाची वांदरांनी दर वर्षी वाट लावलेली, तो उभा राहिला. "आधी कोणीतरी टेम्पोतून वांदर आणून सोडलेन. आता तुम्ही डास सोडताय. पुढच्या साली काय, हत्ती आणणार?" सगळे हसले. ठोंबरे सरही हसले. पण हसून झाल्यावर गावानं ठरवलं ते नेहमीसारखंच. आईला विचारायचं.

किंजळकोंडात वाघजाईचा कौल घेतल्याशिवाय मोठी गोष्ट होत नाही. देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांनी भिजवलेल्या पाकळ्या चिकटवायच्या, आप्पा गुरवांनी गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर आईचा होकार, डावी पडली तर नकार. आणि नकार म्हणजे नकार. मोबाइलच्या टॉवरला डावा कौल पडला होता. म्हणून गाव अजून फोनवर बोलायला सड्यावर चढतं, आणि सासूची गाऱ्हाणी सांगणाऱ्या सुना तिथे रांगेनं उभ्या दिसतात.

हौसाला धास्ती बसली ती त्या टॉवरमुळेच. बाहेरून येणारी वस्तू आईला आवडत नाही, हे तिच्या मनानं घेतलं. दुपारी आप्पा देवळामागे करंडीत फुलं खुडत होते, तिथे ती गेली.

"आप्पा, आईस काय विचारणार?"

"काय म्हणजे? हे नवे डास गावात येऊ देऊ काय, म्हणून."

"तसं नका विचारू."

आप्पांनी फूल देठाशीच धरून ठेवलं. "मग कसं?"

"गावातला ताप जाऊ दे, पोरांस राखशील काय, असं विचारा."

"अगो, हे वेगळं विचारणं झालं."

"वेगळं कसं? ताप जायचा तो त्या डासांनीच ना?"

"ते तुझं-माझं बोलणं झालं. आईपुढे आडून विचारायचं नसतं, हौसा."

हौसा करंडीशी खाली बसली. "तुमच्या पालखीपुढे माझा सागर ढोल वाजवायचा. तो गेला. निलेश त्याच खड्ड्यावर आहे. तिनं नाय म्हटलं तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

आप्पा म्हातारे माणूस. सागरला त्यांनी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेली. करंडी उचलून आत गेले. पण सकाळी गाऱ्हाणं घातलं ते हौसानं सांगितलं तसं. आवाज खाली होता, कोणालाच धड ऐकू गेलं नाही. थोड्या वेळात उजवी पाकळी सुटून खाली आली. ढोल वाजला. सखाराम मांडवकरनंही हात जोडले. आईनं हो म्हटलं, आता गावाचं काय राहिलं?

समर्थनं तिथेच पोरांना पेढे वाटले. संध्याकाळी देवळात गाव जमलं, सगळ्यांनी हात वर करून हो म्हणायचं एवढंच बाकी होतं. निलेशही खाणीवरून आला होता, अंगावर तांबडी धूळ तशीच. हौसा त्याच्याकडे बघत होती आणि तिला कितीतरी दिवसांनी भूक लागली होती.

मृणाली उठली. "आप्पा, आमच्या घरीही कौल लावल्याशिवाय होडी पाण्यात जात नव्हती. म्हणून विचारते, राग मानू नका. आईला काय विचारलंत? जसंच्या तसं सांगाल?"

आता आप्पांना दुसरीकडे कुठे विचारलं असतं तर त्यांनी वेळ मारूनही नेली असती. पण समोर पाषाण, समईची वात लागलेली. ज्या तोंडानं आईपुढे गाऱ्हाणं घालायचं त्या तोंडानं तिथे उभं राहून खोटं कसं बोलणार? त्यांनी शब्दाला शब्द सांगितला. ताप जाऊ दे, पोरांस राखशील काय.

मग सखाराम म्हणाला, "म्हणजे डासांचं विचारलंच नाय?"

मृणालीनं बायांकडे बघितलं. "आम्ही काय सोडणार आहोत, सांगाल कोणी?"

"औषधी डास," एक म्हणाली. "न चावणारे," दुसरी. तिसरी म्हणाली, "एका पावसात मरतात ते. हौसाकाकींनी सांगितलंन ना."

सगळ्या माना हौसाकडे वळल्या. निलेशचीही.

"चावतील," मृणाली हळू म्हणाली. "त्यांच्या पोटच्या माद्या चावतील. ताप देणार नाहीत असं आम्हांला वाटतं. आणि ते मरणार नाहीत, राहतील. कायमचे."

त्यावर जो गलका उठला त्यात ठोंबरे सरांचं बोलणं कोणी ऐकलं नाही. प्रश्न तसा घालायला लावला तो हौसानं, हेही त्यात आप्पांच्या तोंडून निघालं. गाव शास्त्रज्ञांवर चिडलं, हौसावर त्याहून जास्त. आईला फसवलं! पुन्हा सरळ विचारा म्हणावं तर रीत आड आली. एका गोष्टीचा कौल एकदा झाला की वर्ष उलटेपर्यंत ती गोष्ट आईपुढे काढायची नाही. आणि शास्त्रज्ञांना कामासाठी मिळालेली मुदत पावसापूर्वी संपत होती.

दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला समर्थ बसलाच नाही. उभ्यानं बोलत होता. "गाव हो म्हणत होतं. तुम्ही नाही म्हणायला लावलंत. दवाखान्यात ऑपरेशनपूर्वी माणूस हो म्हणतो, त्याला सगळं कळलेलं असतं?"

"तो माणूस मधेच नको म्हणून उठून जाऊ शकतो," मृणाली म्हणाली. "गाव कुठे उठून जाणार?"

"आणि इथे यंदा कोणी मेलं तर?"

"तर ते माझ्या डोक्यावर. मला माहीत आहे."

ठोंबरे सर दोघांच्या मधे बसून भात कालवत राहिले, खाल्ला नाही. शेवटी म्हणाले, "तुझं खरं आहे समर्थ, माणसं मरतील. हिचंही खरं आहे. मी चाळीस वर्षं हे असंच बघतोय बाबा." आणि सामान बांधायला उठले.

निघताना मृणाली स्वयंपाकघरात आली. हौसा पाठमोरी भांडी घासत होती.

"काकी, मी गप्प राहिले असते आणि उद्या काही वाईट झालं असतं, तर तुम्ही मलाच शिव्या दिल्या असत्या."

"व्हय, दिल्या असत्या." हौसानं मागे बघितलं नाही. "शिव्या द्यायला माणूस तरी मिळाला असता. आता कोणास देऊ?"

गाडी गेली. गावानं हौसाला वाळीत वगैरे टाकलं नाही, तो काळ गेला. पण पंगतीला बोलावणं बंद झालं. विहिरीवर ती आली की बाया कळशी भरून लगेच निघायच्या. दीपाली तिच्याबरोबर राहिली. एकदा चुलीशी ती म्हणाली, "आई, तुम्ही खोटं बोललात त्याचं मला काय वाटत नाय. मलापण कोणी विचारलं असतं तर मी त्याहून मोठं खोटं बोलले असते. आपलं वजन कमी पडलं एवढंच."

पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी पाऊस लांबला, खड्डे काठोकाठ भरले, आणि खाण सुरू झाल्यावर दिवाळीच्या आत निलेश थंडीनं कुडकुडत घरी आला. या खेपेला कोणी गोळ्यांची वाट बघितली नाही. त्याच दिवशी त्याला रत्नागिरीला भरती केलं. तरी ताप वर चढलाच. दीपाली त्याच्या उशाशी बसली आणि हौसा कपडे न्यायला म्हणून गावात आली ती घरी न जाता तडक देवळात गेली.

"आप्पा, वर्ष उलटलं. आता सरळ विचारा. डासांचं विचारा."

"आता काय उपयोग गो? ते लोक गेले."

"मला कळू दे. आई काय म्हणाली असती ते कळू दे."

आप्पांना आता नीट दिसत नव्हतं. चाचपत त्यांनी पाकळ्या भिजवल्या, लावल्या, आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली. हौसा समोर बसली. आणि तिला एकाएकी उमगलं की आपण काय मागायला बसलोय. उजवी पडली तर सरळ विचारूनही आई हो म्हणाली असती, आणि आपणच आपल्या शहाणपणानं ते घालवलं. डावी पडली तर आईलाच निलेश नको होता.

"पुसा," ती ओरडली. "आप्पा, पुसून टाका ते!"

आप्पांनी तळहातानं दोन्ही पाकळ्या एकदम पुसून घेतल्या. असं कधी करत नाहीत. त्यांनी केलं.

निलेश वाचला. पण पूर्वीचा राहिला नाही. बोलताना शब्द शोधत बसतो, हात थरथरतो, मशीन चालवणं संपलं. आंगणात बसून सुपल्या विणतो, अर्ध्या सोडून देतो. घर चालायला हवं म्हणून हौसा आता खाणीवरच रांधायला जाते, त्याच पत्र्याच्या खोल्यांच्या बाजूला. तिथली पोरं परमुलखातली. ती त्यांना मराठीत शिव्या घालून मच्छरदाण्या लावायला लावते, आणि शिव्या कळत नसूनही ती लावतात, कारण न लावणाऱ्याला वाढत नाही.

गेल्या साली मृणाली एकटीच आली. काम पुन्हा सुरू व्हायचं होतं, दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यात. खड्ड्याच्या कडेला बसून तिनं विचारलं, "काकी, तिथल्या बायकांशी बोलायला याल? सगळं सांगायचं. आम्हांला काय माहीत नाही तेसुद्धा."

हौसा तांदूळ निवडत होती. "मी सगळं सांगितलं तर त्या नको म्हणतील. नाय सांगितलं तर तू नको म्हणशील. मग त्यांची पोरं राखायची कोणी?"

मृणाली पाण्याकडे बघत राहिली. "मला माहीत नाही, काकी."

"जेवून जा," हौसा म्हणाली. "पिठी केलीय."

ती जेवली. गेली ती एकटीच गेली. हौसा येत नाही असं म्हणाली नाही आणि येते असंही म्हणाली नाही. खाणीवरची पोरं जेवायला येत होती, आणि त्यातल्या एकाला सकाळपासून थंडी वाजत होती. तिनं भाताचं पातेलं उतरवलं, त्याच्या कपाळाला हात लावला, आणि जीपवाल्याला फोन लावायला सड्याच्या उंचवट्याकडे चालू लागली.